सेमिनारनंतरचा वॉर्ड

एनएबीएचची, म्हणजे रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या मंडळाची, तपासणी जवळ आली की रुग्णालयाच्या सूचनाफलकावर प्रशिक्षणांचं वेळापत्रक लागतं. सोमवारी हात धुणं, मंगळवारी बायोमेडिकल वेस्ट, बुधवारी आग, गुरुवारी कोड ब्लू. वेळ दुपारी दोनची, कारण तेव्हा सकाळपाळी सुटते, दुपारपाळी चढते आणि एका तासात दोन्ही पाळ्या पकडता येतात. आधी प्री-टेस्ट, मग स्लाईड्स, मग पोस्ट-टेस्ट आणि चहा. मागच्या रांगेत नाईट करून थांबलेली एखादी सिस्टर डोळे उघडे ठेवायची धडपड करत असते. हजेरीपटावर सह्या होतात. पोस्ट-टेस्टचे गुण प्री-टेस्टपेक्षा वाढलेले असतात, त्याचा तक्ता तयार होतो आणि फाईलला लागतो. डॉक्टरांचं थोडं निराळं असतं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर पाच वर्षांत तीस क्रेडिट तास भरावे लागतात, आणि ते बहुतेकदा हॉटेलातल्या सीएमईमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमांत, भरले जातात.

पोस्ट-टेस्टचा तो तक्ता खोटा नसतो, पण त्यातून कळतं फार थोडं. विस्कॉन्सिन विद्यापीठातले डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण जोखण्याच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या. लोकांना कार्यक्रम आवडला का, ते काही शिकले का, कामावर परतल्यावर त्यांचं वागणं बदललं का, आणि त्या बदलातून हवा तो परिणाम मिळाला का. रुग्णालयात ही चौथी पायरी म्हणजे जंतुसंसर्ग घटला का, बाळ वाचलं का. पहिल्या दोन पायऱ्या मोजायला एक कागद पुरतो. तिसरीसाठी कुणाला तरी वॉर्डात उभं राहून बघावं लागतं आणि चौथीसाठी महिनोन्‌महिने नोंदी ठेवाव्या लागतात. म्हणून बहुतेक फायली दुसऱ्या पायरीवर बंद होतात. या प्रकरणात आपण वरच्या दोन पायऱ्यांकडे बघणार आहोत.

आधी ढोबळ हिशेब. वैद्यकीय संशोधनाचा ताळेबंद मांडणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००९ मध्ये अशा बैठका, व्याख्यानं आणि कार्यशाळांवरच्या ८१ चाचण्या एकत्र तपासल्या. काम ठरल्या पद्धतीने होण्याचं प्रमाण साधारण सहा टक्क्यांनी वाढतं, असं निघालं. म्हणजे एखादी गोष्ट शंभरात पन्नास वेळा नीट होत असेल, तर सेमिनारनंतर छप्पन वेळा होते. नुसतं भाषण किंवा नुसती गटचर्चा यांच्यापेक्षा दोन्हींची सांगड जास्त फळते. आणि जिथे वागणं गुंतागुंतीचं आहे, अनेक सवयी एकदम बदलायच्या आहेत, तिथे फरक जवळपास शून्य.

सहाला हसू नये. रोज शेकडो इंजेक्शनं देणाऱ्या रुग्णालयात सहा टक्के म्हणजे वर्षाकाठी हजारो वेळा नीट झालेलं काम. पण ज्या उत्साहाने सेमिनार विकले जातात, त्या मानाने हा आकडा नम्र आहे. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांपुरता असाच एक मोठा आढावा २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला. छापील माहितीपत्रकं वाटून कर्मचाऱ्यांच्या कामात फरक पडला जेमतेम दीड टक्का. नुसतं प्रशिक्षण किंवा नुसती देखरेख यांनी दहा ते सोळा टक्के, आणि दोन्ही मिळून अठराच्या आसपास. सगळ्यांत जास्त, अठ्ठावीस ते सदतीस टक्के, फरक तिथे दिसला जिथे कर्मचाऱ्यांनी गटाने बसून आपल्याच कामातल्या अडचणी शोधल्या आणि सोडवल्या. हा शेवटचा आकडा जपूनच वाचायचा, कारण त्यात इतर उपाय मिसळले की तो बराच खाली येतो. तरी त्याची दिशा लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता हात धुण्याचं बघू, कारण रुग्णालयात सर्वाधिक वेळा शिकवली जाणारी गोष्ट बहुधा हीच असेल. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर १९९४ मध्ये प्रत्यक्ष पाहणी केली. जिथे हात स्वच्छ करायलाच हवेत अशा प्रसंगांपैकी फक्त ४८ टक्के वेळा ते केले जात होते. स्वित्झर्लंडमधल्या प्रशिक्षित नर्सला हात का धुवायचे हे माहीत नव्हतं, असं कोण म्हणेल? पिते यांनी हिशेब वेगळीकडून मांडला. आयसीयूत एका तासात हात स्वच्छ करायचे सुमारे वीस प्रसंग येतात. बेसिनपर्यंत जायचं, साबण लावायचा, धुवायचे, पुसायचे, परत यायचं, यात मिनिटभर तरी जातंच. नियम तंतोतंत पाळला तर तासाचा तिसरा हिस्सा बेसिनपाशी जाईल. काम जितकं जास्त तितकं हात धुणं कमी, असं पाहणीतही दिसलं.

मग त्यांनी अल्कोहोलयुक्त हॅण्डरबच्या बाटल्या थेट खाटेशी आणल्या, खिशात मावतील अशा छोट्या बाटल्या दिल्या, कर्मचाऱ्यांना बरोबर घेऊन भित्तिचित्रं केली आणि पाहणीचे आकडे वेळोवेळी वॉर्डाला परत सांगितले. डिसेंबर १९९७ पर्यंत ४८ चे ६६ टक्के झाले. रुग्णालयातच लागण झालेल्या रुग्णांचं प्रमाण १९९४ मध्ये १६.९ टक्के होतं, ते १९९८ मध्ये ९.९ वर आलं. साबणाने हात धुण्याचं प्रमाण मात्र होतं तिथेच राहिलं. वाढलं ते हॅण्डरबचं. आणि सुधारणा झाली ती नर्सेस आणि त्यांच्या मदतनिसांमध्ये, डॉक्टर जवळपास जिथल्या तिथेच. कुठल्याही रुग्णालयात काम केलेल्या माणसाला याचं नवल वाटू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये जगभर नेलेले हात स्वच्छतेचे ‘पाच क्षण’ याच कामातून पुढे आले. आपल्याकडे त्यांची पोस्टरं प्रत्येक वॉर्डात दिसतात. पोस्टरखालचा बाटलीचा स्टँडही दिसतो. बाटली भरलेली आहे का, हे इंडेंट कुणी टाकायचं आणि स्टोअरमधून ते किती दिवसांनी मिळतं यावर ठरतं. सेमिनारमध्ये यावर स्लाईड नसते.

जिनिव्हात जी अडचण अंतराची होती, ती अमेरिकेत मिशिगनमध्ये अधिकाराची निघाली. मानेजवळच्या मोठ्या शिरेत घालायच्या सेंट्रल लाईनमधून रक्तात जंतुसंसर्ग होतो, तो टाळायला काय करायचं हे पाठ्यपुस्तकात होतंच. जॉन्स हॉपकिन्सचे पीटर प्रोनोव्होस्ट यांनी त्यातल्या पाच गोष्टी निवडल्या. हात धुवा, रुग्णाला पूर्ण निर्जंतुक कापडाने झाका आणि स्वतः मास्क-गाऊन घाला, त्वचा क्लोरहेक्सिडिनने पुसा, शक्यतो जांघेतून लाईन घालू नका, आणि गरज संपली की काढून टाका. राज्यातल्या शंभराहून अधिक आयसीयूंनी भाग घेतला. लागणारं सगळं साहित्य एका ढकलगाडीवर एकत्र ठेवलं गेलं, म्हणजे ‘क्लोरहेक्सिडिन सापडलं नाही’ ही सबब संपली. आणि पायरी गाळली जात असेल, तर तातडीचा प्रसंग वगळता डॉक्टरला तिथेच थांबवण्याचा अधिकार नर्सला दिला गेला. २००६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल आले. लाईन घातलेल्या दर हजार दिवसांमागे सरासरी ७.७ संसर्ग होते, ते दीड वर्षाच्या सुमारास १.४ वर आले.

आपल्या आयसीयूत एखादी तीन वर्षं नोकरी झालेली सिस्टर ‘सर, जरा थांबा, ड्रेप छोटा आहे’ असं म्हणू शकते का? म्हणू शकते, जर सरांनीच आधी सगळ्यांसमोर ‘मला थांबवायचं’ असं सांगितलं असेल आणि मेट्रन तिच्या पाठीशी असेल. ही तयारी नसेल तर संवादकौशल्यावरचं कितीही चांगलं व्याख्यान त्या क्षणी तिच्या कामाला येत नाही. ‘स्पीक अप’ शिकवणाऱ्या कार्यशाळांना बहुतेकदा फक्त नर्सेस बसलेल्या असतात. ज्यांनी ऐकून घ्यायचं, ते ओपीडीत असतात.

याच्या उलट उदाहरण इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या साउथमीड रुग्णालयाचं आहे, आणि माझ्या मते प्रशिक्षणाच्या बाजूने मांडता येईल असा हा सगळ्यांत भक्कम पुरावा आहे. त्याकडे जरा निवांत बघायला हवं.

प्रसूतीत कधीकधी बाळाचं डोकं बाहेर येतं आणि खांदा आईच्या जघनास्थीमागे अडकतो. नाळ दाबली गेलेली, छातीला फुगायला जागा नाही, हाताशी मोजकी मिनिटं. घाबरून डोकं ओढलं तर बाळाच्या हाताच्या नसा तुटतात, हाड मोडतं. पहिला उपाय फार साधा आहे. आईचे दोन्ही पाय गुडघ्यात दुमडून मांड्या पोटाशी घट्ट न्यायच्या. त्याने कंबरेचा कोन बदलतो आणि बऱ्याचदा खांदा सुटतो. हे प्रत्येक सुईणीला आणि प्रत्येक स्त्रीरोगतज्ज्ञाला शिकवलेलं असतं. तरीही साउथमीडमध्ये १९९६ ते १९९९ या काळातल्या नोंदी तपासल्या तेव्हा खांदा अडकलेल्या प्रसंगांपैकी फक्त २९ टक्क्यांमध्ये ही कृती केलेली आढळली. बाकीच्या वेळी लोक बहुधा घाबरले, आठवेल ते करत गेले.

२००० पासून तिथे वर्षातून एक दिवसाचं प्रशिक्षण सुरू झालं. ते त्याच रुग्णालयात असे, आणि वरिष्ठ डॉक्टर, शिकाऊ डॉक्टर, सुईणी, भूलतज्ज्ञ असे सगळे एकाच खोलीत. पुतळ्यावर प्रत्यक्ष हाताने करायचं. प्रसूतिकक्षात नेहमी जे लोक एकमेकांशेजारी उभे असतात तेच इथेही शेजारी उभे असत, आणि कुणी कुणाला काय ओरडून सांगायचं याचाही सराव होत असे. २००१ ते २००४ च्या नोंदींत ती साधी कृती ८७ टक्के प्रसंगांत झालेली होती. खांदा अडकलेल्या बाळांपैकी इजा झालेली बाळं ९.३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आली. प्राणवायू कमी पडून मेंदूला इजा झालेल्या बाळांचं प्रमाणही प्रशिक्षणानंतर निम्म्यावर आलं. कर्कपॅट्रिकच्या चौथ्या पायरीपर्यंत पोचलेलं प्रशिक्षण शोधायला निघालं की असं उदाहरण फार क्वचित हाती लागतं.

मग हे सगळीकडे न्यावं, असं कुणालाही वाटेल. स्कॉटलंडमधल्या बारा प्रसूतिकेंद्रांत तसा प्रयोग झाला. प्रत्येक केंद्रातून काही जणांना प्रशिक्षक म्हणून तयार करायचं आणि त्यांनी परत जाऊन आपल्या लोकांना शिकवायचं, अशी योजना होती. सरकारी खात्यांना हा ‘मास्टर ट्रेनर’ प्रकार फार आवडतो, कारण खर्च कमी आणि आकडे मोठे. २०२० च्या सुमारास निकाल प्रसिद्ध झाले तेव्हा बाळांच्या प्रकृतीत दाखवता येईल असा फरक सापडला नाही. साउथमीडमध्ये जे घडलं ते त्या वॉर्डातल्या लोकांनी स्वतःच्या चुका मोजून, स्वतःच्या खोलीत, वर्षानुवर्षं उभं केलेलं होतं. किटमध्ये पुतळा आणि पुस्तिका घालता येतात, एवढ्या वर्षांची चिकाटी घालता येत नाही.

आणि आता उत्तर प्रदेश. अतुल गवांदे यांचं नाव मराठी वाचकाला परकं नाही. अमेरिकेत वाढलेल्या या शल्यविशारदाचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड भागातले. गवांदे यांच्या संस्थेने उत्तर प्रदेशातल्या २४ जिल्ह्यांत १२० सरकारी प्रसूतिकेंद्रं घेतली. साठ ठिकाणी सुरक्षित प्रसूतीची २८ कलमी यादी दिली आणि तिच्याबरोबर प्रशिक्षकही पाठवले. एकदा सेमिनार घेऊन मंडळी निघून गेली, असं इथे झालं नाही. आठ महिने प्रशिक्षक नेमाने केंद्रावर जात राहिले, नर्सेसच्या शेजारी उभे राहून बघत राहिले, कुठे अडतंय ते विचारत राहिले. उरलेल्या साठ केंद्रांवर नेहमीप्रमाणे काम चालू होतं. सुमारे १ लाख ५७ हजार बाळंतपणांचा हा अभ्यास होता.

दोन महिन्यांनी पाहिलं तेव्हा प्रशिक्षक जात असलेल्या केंद्रांवर आवश्यक कामांपैकी ७२.८ टक्के होत होती, दुसरीकडे ४१.७ टक्के. वागणं बदलावं म्हणून धडपडणाऱ्याला हे स्वप्नवत वाटेल. प्रशिक्षकांच्या फेऱ्या थांबून चार महिने झाल्यावर हाच आकडा ६१.७ वर उतरला, पण तरीही दुसऱ्या गटाच्या ४३.९ पेक्षा खूप वर होता. आणि आई किंवा बाळाचा मृत्यू, अथवा आईला गंभीर गुंतागुंत? प्रशिक्षण झालेल्या ठिकाणी १५.१ टक्के, न झालेल्या ठिकाणी १५.३ टक्के. म्हणजे फरक नाही.

२०१७ मध्ये हा निकाल छापून आला तेव्हा अनेकांना धक्का बसला. मला हा निकाल या क्षेत्रातला सगळ्यांत प्रामाणिक दस्तऐवज वाटतो. नर्सेस शिकल्या, त्यांनी केलंही. पण रक्तस्राव थांबेना तर रक्त कुठून आणायचं, बाळ रडलं नाही तर पुढचा तासभर त्याला सांभाळायचं कौशल्य कुणाकडे आहे, शस्त्रक्रियेची गरज पडली तर पुढचं रुग्णालय किती लांब आणि गाडी कधी मिळणार, यांतलं काहीच यादीने बदललेलं नव्हतं. कर्मचाऱ्याची कामगिरी सुधारणं आणि रुग्णाचं बरं होणं यांच्यामध्ये सगळी यंत्रणा उभी असते.

याच्या शेजारी गडचिरोली ठेवून बघण्याचा मोह आवरत नाही, जरी ते रुग्णालयाचं उदाहरण नसलं तरी. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९० च्या दशकात ३९ गावांतल्या थोड्याफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निकालानुसार तिसऱ्या वर्षापर्यंत या गावांत नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला होता. या आरोग्यदूतांना वजनकाटा, थर्मामीटर, श्वासाची पिशवी दिलेली होती. बाळाला जंतुदोष झाला तर जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायची मुभा होती, जी तेव्हा अनेक डॉक्टरांना खटकली. ठरावीक दिवसांनी त्यांचं काम घरोघरी जाऊन तपासलं जात होतं. दोन्ही ठिकाणच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, त्यामुळे सरळ तुलना करू नये. पण शिकवलेली गोष्ट शेवटापर्यंत नेण्याचं साधन आणि अधिकार शिकणाऱ्याच्या हातात होते, हे गडचिरोलीत ठळकपणे दिसतं.

सेमिनारचा आणखी एक शत्रू म्हणजे काळ. छाती दाबून हृदय चालू ठेवण्याचं, म्हणजे सीपीआरचं, कौशल्य शिकल्यानंतर थोड्याच महिन्यांत उतरू लागतं. मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, हे पाठ राहतं, पण हाताला ते जमत नाही. त्यामुळे दोन वर्षांतून एकदा दिवसभर शिकवण्यापेक्षा वॉर्डातच पुतळा ठेवून दर तीन महिन्यांनी दहा मिनिटं सराव घेणं शहाणपणाचं. ज्या वॉर्डात कोड ब्लूची, म्हणजे हृदय बंद पडल्याच्या इशाऱ्याची, तालीम होते, तिथे एक वेगळाच फायदा होतो. क्रॅश कार्टच्या लॅरिंगोस्कोपचे सेल संपलेले आहेत, ऑक्सिजन सिलिंडरची चावी बांधून ठेवलेली नाही, लिफ्ट रात्री बंद असते, रात्रीच्या ऑपरेटरला कोड कुठे जाहीर करायचा ते माहीत नाही, हे सगळं तालमीतच कळतं. सेमिनार हॉलमध्ये यातलं काहीच कळण्याची सोय नसते.

या तालमींना मामा आणि मावशींना बोलवायला हवं. वॉर्डबॉय आणि आयाबाई म्हणून कागदावर नोंदलेले हे लोक सिलिंडर ढकलतात, ट्रॉली नेतात, पांढऱ्या डब्यात जायची सुई लाल पिशवीत गेली तर पहिल्यांदा ती त्यांनाच टोचते. प्रशिक्षणाच्या यादीत त्यांची नावं सहसा शेवटी येतात, आणि स्लाईड्स इंग्रजीत असतात. यादीत कोण येतं हे तसंही पाहण्यासारखं आहे. ज्या वॉर्डात माणसं कमी आहेत तिथली इनचार्ज सिस्टर कुणाला सोडू शकत नाही. म्हणजे हॉलमध्ये येतात ते त्यातल्या त्यात मोकळ्या वॉर्डातले, आणि जिथे चुका होण्याची शक्यता सर्वांत जास्त तिथले लोक कामावरच राहतात. प्रशिक्षणाच्या तासाला बदली माणूस देणं हा प्रशिक्षणाचाच खर्च आहे, पण अंदाजपत्रकात तो क्वचितच धरलेला असतो. वक्त्याचं मानधन आणि नाश्ता मात्र असतो.

शिवाय माणसं टिकतात किती? खासगी रुग्णालयात नवी सिस्टर अनुभव मिळाला की सरकारी भरतीकडे किंवा आखाती देशांकडे बघू लागते. मामा-मावशी बाहेरच्या एजन्सीमार्फत येतात आणि कंत्राट बदललं की चेहरे बदलतात. त्यामुळे साउथमीडसारखं वर्षानुवर्षं एकत्र शिकणं इथे सुरूच होत नाही, दर खेपेला पहिला धडा पहिल्यापासून द्यावा लागतो. मार्चमध्ये शिकवलेल्या चाळीस जणांपैकी सप्टेंबरात किती जण त्याच वॉर्डात आहेत, हे काढायला कुठलाही मोठा अभ्यास लागत नाही. दोन महिन्यांची पगारपत्रकं शेजारी ठेवली की पुरतं.